सगळ्यात वाईट दोनशे मीटर

कळव्याहून वागळे इस्टेटला रोज सायकलने जायचं ठरवलं, तर रस्ता कोणता पकडायचा? मोबाइलने दाखवलेला की स्वतः शोधलेला? तीन रस्ते, एक वही आणि एक खरचटलेला गुडघा यांच्या मदतीने शोधलेलं हे उत्तर.

तिसऱ्याच दिवशी पडले.

सकाळचे साडेनऊ, नितीन कंपनीचा सिग्नल. मी डाव्या कडेला, एका बसच्या बाजूला सायकल घेऊन उभी. सिग्नल सुटला. मला सरळ जायचं होतं, बसला डावीकडे वळायचं होतं. बसचा मागचा भाग माझ्याकडे सरकत सरकत आला, मी फुटपाथच्या कडेला चिकटले आणि सायकलसकट आडवी झाले. बस निघून गेली. ड्रायव्हरला मी दिसलेच नव्हते. मागच्या रिक्षावाल्या काकांनी सायकल उचलून दिली आणि विचारलं, ‘लागलं का जास्त?’ गुडघा खरचटला होता, हँडल वाकडं झालं होतं आणि डब्यातली भाजी दप्तरात सांडली होती.

संध्याकाळी आईने गुडघा बघितला आणि निकाल लावला, ‘उद्यापासून रिक्षा.’

आता तुम्ही म्हणाल, मग जायचं की रिक्षाने! पण थोडं गणित ऐका. माझं घर कळवा नाक्याजवळ, इंटर्नशिप वागळे इस्टेटला. म्हणजे आधी खाडी ओलांडायची, मग अख्खं जुनं ठाणं, मग ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे. लोकलने कळवा ते ठाणे एकच स्टेशन. पण सकाळी त्या एका स्टेशनसाठी डब्यात शिरणं म्हणजे काय, हे कळवेकरांना सांगायला नको. जलद गाड्या इथे थांबत नाहीत, धिम्या येतात त्या आधीच भरून. कारशेडमधून निघणारी गाडी पकडायला लोक रुळांतून चालत जातात. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. त्यानंतर मी लोकलने निघाले की आई ‘पोचलीस का’चा मेसेज येईपर्यंत फोन हातात धरून बसायची. आणि ठाणे स्टेशनला उतरल्यावर पुढे रिक्षा आहेच. फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचं किमान भाडंच २६ रुपये झालंय. जाऊन-येऊन महिन्याचा हिशेब केला की इंटर्नचा स्टायपेंड मीटरमध्येच संपतो.

म्हणून धाकट्या भावाची पडून असलेली गिअरची सायकल बाहेर काढली होती. पडल्यावर प्रश्न उरला तो एवढाच की सायकल सोडायची की रस्ता? मी रस्ता सोडायचं ठरवलं.

वागळे आणि सायकल ही जुनी जोडी

वागळे इस्टेटला सायकलने जाणं ही काही माझी आयडिया नव्हे. १ ऑगस्ट १९६२ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं एमआयडीसी स्थापन झालं आणि वागळे इस्टेट हे त्याचं पहिलं औद्योगिक क्षेत्र. कारखाने उभे राहिले, रस्त्यांना नावांऐवजी नंबर मिळाले. १६ नंबर, २२ नंबर, २८ नंबर असे पत्ते आजही सांगितले जातात आणि नवखा माणूस आजही त्यात हमखास हरवतो. कामगारांची रोजची गाडी होती सायकल.

आज त्यातल्या बऱ्याच कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. आयटी पार्क आहेत, पासपोर्ट सेवा केंद्र आहे, कॉल सेंटर्स आहेत. तरीही सकाळी साडेआठला १६ नंबरवर उभं राहून बघा. हँडलला डब्याची पिशवी लटकवलेल्या काळ्या सायकली अजून येतात. २०११च्या जनगणनेत शेती सोडून इतर कामं करणाऱ्यांना पहिल्यांदाच विचारलं गेलं की कामावर कसे जाता. देशभरात साधारण १३ टक्के लोकांचं उत्तर होतं, सायकलने. आपल्याला सायकल म्हटलं की रविवारी पहाटे येऊरला जाणारा, चकाचक हेल्मेटवाला ग्रुप आठवतो. रोज सायकल चालवणारे मात्र बहुतेक वेळा आपल्याला दिसूनही दिसत नाहीत.

मलाही दिसले नव्हते. आमच्या इमारतीचे वॉचमन काका गेली वीसेक वर्षं खोपटहून सायकलने येतात, हे मला कळलं ते माझा गुडघा बघून त्यांनी विचारलं तेव्हा. ‘कुठं पडलात, मॅडम?’

‘नितीनला.’

‘नितीनला मी कधी चालवतच नाही. उतरायचं, ढकलत न्यायची, पलीकडे जाऊन बसायचं. दीड मिनिट जातं. घाई कसली आहे?’

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत यायचंय.

मोबाइल काय बघतो?

पहिले तीन दिवस मी मोबाइलवरचा मॅप सांगेल तसं गेले होते. मॅपला एकच ध्यास असतो, लवकर पोचायचं. रस्त्यात गाड्या किती वेगाने जातात, कडेला रिक्षा किती उभ्या असतात, वळणावर बस कशी कापत येते, हे त्याच्या गणितात फारसं नसतं. तुमच्या हातात स्कूटर असो की सायकल, तो शक्यतो मोठ्या रस्त्यावरच नेतो.

मग सायकलवाले रस्ता निवडतात तरी कसा, हे शोधायला बसले. २०१२ साली अमेरिकेतल्या सॅन होजे इथल्या मिनेटा ट्रान्सपोर्टेशन इन्स्टिट्यूटने एक अहवाल काढला होता. मेकुरिया, फर्थ आणि निक्सन या तीन अभ्यासकांनी सॅन होजे शहरातल्या रस्त्यांना सायकलवाल्याला येणाऱ्या ताणाप्रमाणे १ ते ४ असे नंबर दिले. १ म्हणजे लहान मुलानेही चालवावी असा रस्ता. ४ म्हणजे ज्यांना कशाचीच भीती वाटत नाही, फक्त त्यांच्यासाठी. या अहवालातले दोन मुद्दे मला फार पटले. पहिला, एखाद्या मार्गाचा नंबर सरासरीने काढायचा नाही. साखळी तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढीच मजबूत, तसा मार्ग त्याच्या सगळ्यात वाईट तुकड्याएवढाच चांगला. सहा किलोमीटर शांत गल्ल्या आणि मध्ये दोनशे मीटर भयंकर असतील, तर तो रस्ता भयंकरच. दुसरा, शहरात शांत रस्ते भरपूर असतात, पण मोठ्या रस्त्यांमुळे त्यांची बेटं होतात. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं कसं, हा खरा प्रश्न.

ठाण्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. नौपाडा, पाचपाखाडी हे एक बेट. लुईसवाडी, हाजुरी, वागळे हे दुसरं. मध्ये ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे. अहवाल सॅन होजेचा, पण कहाणी आपलीच!

तीन रस्ते, एक वही

मग एका रविवारी वही घेऊन निघाले. कळवा खाडीपूल ते कोर्ट नाका हा तुकडा सगळ्या रस्त्यांना सामाईक आहे. कोर्ट नाक्यापासून पुढे तीन वाटा फुटतात. प्रत्येक तुकड्याला मी १ ते ४ नंबर दिले.

पहिला रस्ता मॅपच्या हिशेबाने सगळ्यात छोटा, साधारण साडेसहा किलोमीटर. कोर्ट नाका, जांभळी नाका, तलावपाळी, राम मारुती रोड, तीन पेट्रोल पंप, हरिनिवास आणि मग तीन हात नाका. जांभळी नाक्याला सकाळी बाजाराचे टेम्पो आणि हातगाड्या, पण सगळं मुंगीच्या पावलाने. वैताग येतो, भीती वाटत नाही. तलावपाळी छान. तीन हात नाका मात्र सरळ ४. इतक्या बाजूंनी गाड्या येतात की आता सिग्नल नक्की कोणाचा सुटलाय, हे कळेपर्यंत तो बंद होतो. त्यात मेट्रो ४च्या कामाने जागा आणखी आवळली आहे.

दुसरा रस्ता साधारण सात किलोमीटर. कोर्ट नाका, टेंभी नाका, खोपट, अल्मेडा रोड, महापालिका मुख्यालय, नितीन कंपनी. खोपटला एसटीच्या गाड्या वळतात, तिथे ३. अल्मेडा रोड आणि पाचपाखाडीच्या गल्ल्या २. नितीन कंपनीला पुन्हा ४, आणि माझा गुडघा त्याला साक्षी.

तिसरा लांबचा, जवळपास नऊ किलोमीटर. कोर्ट नाका, उथळसर, कॅडबरी, पोखरण रोड नंबर १, वर्तकनगर आणि मग सावरकरनगरच्या बाजूने वागळेत उतरायचं. पुढच्या टप्प्यात येऊरच्या डोंगराच्या दिशेने चढ लागतो. व्यायाम मस्त होतो, पण ऑफिसला पोचल्यावर शेजारचे नाक दाबतील अशी अवस्था. आणि कॅडबरीला हायवे ओलांडताना परत ४ आहेच.

म्हणजे तिन्ही रस्त्यांवर ४ आहेच, कारण हायवे तिन्हीकडे आडवा येतो. रस्ता कितीही बदलला तरी तो तुकडा चुकत नाही. मग निवडायचं कसं?

इथे वॉचमन काकांचं वाक्य कामाला आलं. कुठला ४ पायी पार करता येईल, हे बघायचं! नितीनला हायवे उड्डाणपुलावरून वर जातो आणि पुलाखाली थांबायला जागा मिळते. झेब्रा क्रॉसिंगने दोन टप्प्यांत पलीकडे जाता येतं. सायकलवरून उतरलं की तुम्ही पादचारी होता. डावीकडे वळणारी बस, उजवीकडून घुसणारी बाइक, यांच्या मध्ये तुम्ही राहतच नाही. तीन हात नाक्याला हेच करून बघितलं, तर अंतर जास्त, टप्पे जास्त, बॅरिकेड्स मध्ये. म्हणून दुसरा रस्ता पक्का केला.

पलीकडे गेल्यावर मी सर्व्हिस रोड लगेच सोडते आणि लुईसवाडी-हाजुरीच्या आतल्या गल्ल्यांतून, रायलादेवी तलावाच्या बाजूने वागळेत शिरते. अंतर थोडं वाढतं. पण ताशी १५ किलोमीटर वेगाने एक किलोमीटर जास्त म्हणजे फक्त चार मिनिटं. गल्लीत गाड्या हळू असतात, हा मोठा फायदा. फेब्रुवारी २०२०मध्ये स्टॉकहोमला रस्ते सुरक्षेवर जागतिक परिषद झाली. जिथे पादचारी, सायकली आणि गाड्या एकत्र असतात, तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असा आग्रह तिच्या जाहीरनाम्यात आहे. हाजुरीच्या गल्लीत ती मर्यादा पाटी न लावताच पाळली जाते, कारण समोर भाजीची गाडी आणि क्रिकेट खेळणारी पोरं असतात.

बसशेजारी का उभं राहायचं नाही?

पडले का, हे मला नंतर समजलं. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागून जात नाहीत. ती आतल्या बाजूने कापत येतात. आपण डावीकडून गाडी चालवणारा देश, त्यामुळे डावीकडे वळणारी बस किंवा ट्रक आपल्याच अंगावर येतो. ड्रायव्हर उजवीकडे बसलेला, खिडकीखाली डाव्या बाजूला त्याला काहीच दिसत नाही. म्हणून सिग्नलला मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहायचंच नाही. एकतर तिच्या पुढे, ड्रायव्हरला तुमचा चेहरा दिसेल असं, नाहीतर तिच्या मागे. शंका असेल तर मागेच.

दुसरी गोष्ट उभ्या रिक्षांची आणि गाड्यांची. त्यांच्यापासून एक हातभर लांबून चालवा. दार कधी उघडेल आणि माणूस कधी उतरेल, सांगता येत नाही. आणि रस्ता बघा. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली फट, गटाराच्या उभ्या जाळ्या, कामाच्या ठिकाणी टाकलेले लोखंडी पत्रे. बाइकचं चाक त्यावरून जातं, सायकलचं बारीक चाक अडकतं किंवा घसरतं.

सकाळचा वेगळा, रात्रीचा वेगळा

मी घरी निघते तेव्हा कधी आठ वाजतात, कधी साडेनऊ. सकाळचा शांत रस्ता रात्री नुसता सुनसान असू शकतो. मुलींनो, हे तुम्हाला वेगळं समजवायला नको. म्हणून परतीचा रस्ता वेगळा ठेवलाय. नितीन तसंच पायी ओलांडते, मग पाचपाखाडीतून हरिनिवास, तीन पेट्रोल पंप, राम मारुती रोड, तलावपाळी. दुकानं उघडी, दिवे लख्ख, माणसं पाणीपुरी खात उभी. गर्दीमुळे पाच-सात मिनिटं जास्त लागतात, पण एकटं वाटत नाही. एकेरी रस्ता उलटा येत असेल तिथे सरळ उतरून चालायचं. सायकलला सगळं माफ, असं समजू नका.

खाडीपुलाला मात्र पर्याय नाही. तिथे रस्ता बदलता येत नाही, म्हणून मी वेळ बदलली. सकाळी साडेआठऐवजी पावणेआठला पूल ओलांडला की ट्रॅफिक बरंच कमी असतं. पुलावर कधीकधी आडवा वारा लागतो, तेव्हा हँडल घट्ट धरून एका रेषेत चालवायचं. जुना ब्रिटिशकालीन पूल वाहनांना बंद आहे, नोव्हेंबर २०२२मध्ये तिसरा पूल सुरू झाला. पण सायकलसाठी वेगळी पट्टी आपल्या वाट्याला अजून आलेली नाही. ती मागायला हवी, आणि ती मागायची तर आधी रस्त्यावर आपण दिसायला हवं.

काही दिवस रस्ताच बदलतो. नवरात्रात टेंभी नाक्याचं नाव काढू नका, वाहतूक वळवलेली असते. जोराचा पाऊस झाला की वंदना टॉकीजजवळ पाणी साचतं, आणि साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की उघडं झाकण, हे कोणालाच दिसत नाही. अशा दिवशी मी सरळ बस पकडते. रोज सायकल म्हणजे वर्षाचे ३६५ दिवस सायकल, असा नियम कोणी केलेला नाही.

डोंबिवली-कल्याणकरांनो

तुमच्यापैकी बरेच जण वागळेला कामाला येतात, म्हणून तुमचा रस्ताही याच फूटपट्टीने मोजून बघितला. माणकोली-मोठागाव पूल सुरू झाला आणि डोंबिवली ठाण्याच्या जवळ आली. गाडीसाठी ही चांगली बातमी आहे. पण माणकोलीला तुम्ही नाशिक महामार्गावर येता, भिवंडीच्या गोदामांचे ट्रक सोबतीला. तिथला तुकडा माझ्या वहीत ४च, आणि तो दोनशे मीटरचा नाही, कित्येक किलोमीटरचा. शिळफाट्याकडून आलात तरी ट्रक आहेतच. त्यामुळे तूर्तास अख्खा रस्ता सायकलने करायचा हट्ट नको. लोकलने ठाणे, आणि ठाणे ते वागळे सायकल असा जोड जमतो का बघा. एक जुनी सायकल ओळखीच्या सोसायटीत नाहीतर पार्किंगमध्ये ठेवता आली तर स्टेशनबाहेरची रिक्षाची रांग तरी वाचेल.

तुमची वही

तुमचं कॉलेज किंवा ऑफिस कुठेही असो, रस्ता निवडण्याची पद्धत हीच.

– मॅपवर एक नाही, तीन रस्ते काढा. त्यातला एक मुद्दाम लांबचा ठेवा.

– रविवारी सकाळी तिन्ही चालवून बघा. रविवारी खड्डे दिसतात. मग एखाद्या कामाच्या दिवशी त्याच वेळेला बसने जाऊन बघा. तेव्हा खरं ट्रॅफिक दिसतं.

– प्रत्येक तुकड्याला १ ते ४ नंबर द्या. सरासरी काढू नका, सगळ्यात मोठ्या आकड्यावर बोट ठेवा.

– तो ४ टाळता येतो का? नाही तर पायी पार करता येतो का? नाही तर वेळ बदलून कमी होतो का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तो रस्ता सोडा.

– त्या रस्त्याने रोज सायकलने जाणाऱ्या एका तरी माणसाला विचारा. तो शक्यतो वॉचमन, दूधवाला किंवा पेपरवाला असेल. मॅपपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

– मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, डोक्याला हेल्मेट. यावर चर्चा नाही.

माझा जुना रस्ता सत्तावीस मिनिटांचा होता, नवीन पस्तीस मिनिटांचा आहे. रोज आठ मिनिटं जास्त. गेल्या काही आठवड्यांत हीच आठ मिनिटं मला सगळ्यात स्वस्त पडली आहेत.

आईने अजून पूर्ण परवानगी दिलेली नाही. लाइव्ह लोकेशन चालू ठेवायच्या अटीवर सध्या चालवून घेतेय. नवीन रस्त्याच्या पहिल्याच दिवशी नितीनच्या पुलाखाली फोन वाजला. ‘काय गं, ठिपका थांबलाय तुझा. काय झालं?’

‘काही नाही, आई. उतरून चालतेय.’

‘बरं,’ ती म्हणाली, ‘चाल सावकाश.’ आणि फोन ठेवला. पोचल्याचा मेसेज मात्र मी अजूनही रोज करते.